राग्नाला तीन तारे

नोव्हेंबर लागला की आमच्या रेक्याविकमध्ये पुस्तकांना ऊत येतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला निदान एक तरी पुस्तक भेट मिळालंच पाहिजे, म्हणून वर्षभराची पुस्तकं याच दिवसांत निघतात. ती वाचून वर्तमानपत्रात पाचपैकी तारे द्यायचे, हे माझं काम. खुनाच्या कादंबऱ्या, कविता, मंत्र्यांची आत्मचरित्रं, मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांचा इतिहास, सगळं माझ्याच माथी. ओळखीच्या माणसाचं पुस्तक घ्यायचं नाही असा नियम आहे. तो पाळायचा तर सगळे सगळ्यांना ओळखतात अशा या चिमुकल्या देशात परदेशातून परीक्षक आणावे लागतील.

त्या वर्षी गठ्ठ्यात ह्याल्तीचं पुस्तक निघालं. ह्याल्ती म्हणजे पोहण्याच्या तलावावर गरम पाण्याच्या कुंडात रोज सकाळी माझ्या शेजारी बसणारा, जहाजावरचा निवृत्त इंजिनियर. त्याची बायको राग्ना गेली, तेव्हापासून तो तिच्यावर लिहीत होता. ती कशी होती हे चार लोकांना कळावं, एवढीच त्याची इच्छा. परीक्षण वाईट आलं की पुस्तक कोणी उचलत नाही, आणि नाताळनंतर तर त्याला कुत्रं विचारत नाही.

निम्मं पुस्तक इंजिनांनी भरलेलं. माझं डोकं उठलं. बायकोवर लिहायला बसलेल्या माणसाने तेलाच्या पंपावर अख्खं प्रकरण खर्ची घालावं? मग राग्ना आली. बंदरावर मासे साफ करणारी, भांडखोर, नवऱ्याची प्रेमपत्रं मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवून हसणारी. मी जागची हलले नाही. रडले, स्पष्टच सांगते.

सकाळी कुंडात हवापाण्याच्या गप्पा झाल्या, पुस्तकाचं नाव कोणी काढेना. शेवटी तोच म्हणाला, "आर्न्दिस, मैत्रीबित्री बघू नकोस. खोटं कौतुक केलंस तर राग्ना वरून शिव्या घालेल. मला नाही, तुला."

"मग ऐक. इंजिनं फार झाली."

त्याने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. "तिच्यापर्यंत यायचा धीर होत नव्हता गं."

मी तीन तारे दिले. लिहिलं, इंजिनं खुशाल गाळा, राग्ना बंदरावर येते तिथून वाचा. अशी बाई यंदा एकाही कादंबरीत नाही. ह्याल्तीने बोलणं सोडलं नाही, पण चेहरा पडला होता. मलाही चैन पडेना.

नाताळ संपून दुकानं उघडली की अर्धं शहर भेटीतली पुस्तकं बदलून घ्यायला रांग लावतं. मीही गेले. बघते तर स्वयंपाकाच्या पुस्तकांआड ह्याल्ती उभा. आपलं पुस्तक कोणकोण परत करतं ते बघायला आला होता, वेडा. घरी चल म्हटलं तर हलेना.

तेवढ्यात एका तरुण बाईने पिशवीतून त्याचंच पुस्तक काढून पुढे ठेवलं. ह्याल्तीने माझा दंड घट्ट धरला. आवडलं नाही का, असं विक्रेत्याने तिला विचारलं.

"छे हो, दोन आली. एक आईने दिलं, एक सासूने. एक ठेवलंय ना घरी," ती म्हणाली. "इंजिनं सोडून दिली मी. पण ती राग्ना... एकदा तरी भेटायला हवी होती."

ह्याल्ती पुढे झाला. आता हा ऐटीत सही ठोकणार, असं मला वाटलं. त्याने टोपी काढली.

"मी ओळखायचो तिला," तो म्हणाला. "विचार, काय विचारायचं ते."