स्वेटरच्या खिशातला मध

बाजरीची भाकरी उलटताना उज्वलाताईंच्या उजव्या मनगटाला तव्याचा चटका बसला. घोटीला त्यांच्या भाचीचं, सायलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिथे कासारीण घरातल्या सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरणार होती.

"सख्खी मावशी एक हात भुंडा घेऊन मांडवात बसणार का?" त्या रडवेल्या झाल्या.

त्यांचे यजमान रंगनाथराव नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. वाचन दांडगं, पण वाचलेलं घरातसुद्धा बोलून दाखवायला कचरायचे. मध जंतूंना मारतो, हे त्यांनी वाचलं होतं. दवाखान्यात दोनदा घसा खाकरून त्यांनी विचारलंच.

"चांगला असेल तर लावा की, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चटका वरवरचाच आहे. पू दिसला तर मात्र लगेच या."

उज्वलाताईंच्या सुरगाण्याच्या मैत्रिणीने, सविताने दिलेली मधाची बाटली घरात होतीच. पण थंडीने मध थिजून रवाळ झाला होता.

"बघा, साखर निघाली! सविताला कुणीतरी गंडवलं," म्हणत उज्वलाताईंनी बाटली पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि गॅस मोठा केला.

रंगनाथराव दारात थबकले. चांगला मधही थंडीत थिजतो आणि फार तापवला तर त्याचा जंतू मारायचा गुण जातो, असंही वाचलं होतं. पण नक्की तसंच होतं का? आपलीच चूक असली तर? पातेल्यात बुडबुडे येऊ लागले.

"गॅस बंद कर!"

आपला आवाज ऐकून तेच दचकले. उज्वलाताईंनी पटकन बटण फिरवलं.

"अहो, मग पातळ कसा व्हायचा?"

रंगनाथरावांनी बाटली पुसली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. दुपारपर्यंत मध मऊ झाला.

मग रोज तेच पट्टी बदलू लागले. एकदा खुर्चीच्या पायावरून मुंग्यांची रांग वर निघाली.

"तुमचं पुस्तक यांनीही वाचलंय वाटतं!" उज्वलाताई हसल्या.

घोटीला कासारणीने त्यांचा पंजा दाबून पहिली बांगडी चढवली. रंगनाथराव दाराशी श्वास रोखून उभे. मनगटावर कोवळी गुलाबी कातडी होती. बांगडी त्यावरून अलगद सरकली.

"दुखलं का हो, मावशी?" कासारणीने विचारलं.

"छे! आमच्या ह्यांनी मध लावला ना."

सगळ्या बायका वळून बघू लागल्या. मलमानेही बरं झालं असतं कदाचित, असं रंगनाथरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बांगड्या किणकिणल्या आणि ते गप्प राहिले. खिशातली बाटली अजून कोमट होती.