रोजचा रस्ता

अंबादास गुरुजींनी दिल्लीच्या टॅक्सीवाल्यांचा धसका दिल्ली पाहण्याआधीच घेतला होता. त्यांच्या शाळेतले उल्हास सर एकदा दिल्लीत चौपट भाडं मोजून आले होते आणि तेव्हापासून गावभर उपदेश वाटत होते. आपण परगावचे आहोत हे कळू द्यायचं नाही. गाडीत मराठी बोलायचं नाही. आणि टॅक्सीवाला ‘पुढे रस्ता बंद आहे’ म्हणाला, की समजायचं, लांबून फिरवून मीटर वाढवायचा डाव आहे. दुधाने तोंड पोळलं होतं उल्हास सरांचं, आणि ताक फुंकत होते गुरुजी.

हा उपदेश त्यांनी मुलीला, अक्षताला, उदगीरपासून निजामुद्दीन स्टेशनपर्यंत ऐकवला. ती बिचारी मनातल्या मनात उतारे भाषांतरित करत बसली होती. केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादकाची जागा होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि आज मंडी हाऊसजवळच्या एका शाळेत शेवटची चाचणी होती. साडेदहाला गेट बंद. वयाच्या अटीमुळे पुन्हा बसता येणार नव्हतं, आणि नेमकी आजच रेल्वे दोन तास उशिरा पोचली.

टॅक्सीत गुरुजी ऐसपैस टेकून बसले. "मंडी हाऊस. मीटर से चलो. अपना रोज का रास्ता है."

"बिल्कुल, अंकल," ड्रायव्हर म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर त्याने आरशातून मागे पाहिलं. "सीधा रास्ता बंद होगा. छब्बीस जनवरी की रिहर्सल है. रिंग रोड से निकाल लूँ?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद पसरला. "हमको मत सिखाओ. सीधा लो."

अक्षताने मोबाइलवर नकाशा उघडला. पुढचा रस्ता लालभडक दिसत होता. तिने मोबाइल हळूच त्यांच्यापुढे धरला. "पापा, ये देखो ना." घरी ती त्यांना बाबा म्हणायची, पण हुकूम म्हणजे हुकूम.

गुरुजींनी नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि गाडी सरळ घेतली.

पुढे पिवळे बॅरिकेड रस्ताभर आडवे होते. पोलीस हातवारे करून सगळ्यांना मागे वळवत होते, पण मागे एवढ्या गाड्या येऊन थटल्या होत्या की वळणार कुठून? दहा कधीच वाजून गेले होते. मीटर तेवढा चालू होता.

"मैंने तो बोला था, अंकल," ड्रायव्हर म्हणाला. "आप तो रोज़ आते हो."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अक्षताला बापाचा असा संताप आला, की इतकी वर्षं रात्र रात्र जागून केलेला अभ्यास त्यांनी या रस्त्यावर आणून टाकला, असंच तिला वाटलं.

"बाबा, उतरा," ती चक्क मराठीत म्हणाली, आणि त्यांची वाट न पाहता दार उघडून पळत सुटली.

पोलिसाने चालत जाणाऱ्यांना अडवलं नाही. ती विचारत विचारत, ओढणी सावरत धावत होती. मागे गुरुजी. मीटर न बघता त्यांनी हाताला लागली ती नोट सीटवर टाकली होती आणि बॅग खांद्यावर मारली होती.

शाळेचं गेट तिच्या डोळ्यांदेखत लागलं. आत उभा असलेला गार्ड कडी घालत होता. "टाइम हो गया."

अक्षताने गज धरले. दोन भाषांची परीक्षा द्यायला आलेल्या मुलीच्या तोंडून एकाही भाषेतला शब्द फुटेना.

तेवढ्यात गुरुजी धापा टाकत पोचले. त्यांनी बॅग खाली टाकली आणि हात जोडले. "हम बाहर के हैं, साहब. यहाँ का कुछ मालूम नहीं. ड्राइवर सच बोल रहा था, मैंने ही नहीं सुना. गलती मेरी है, लड़की की नहीं है."

आयुष्यभर पोरांना अंगठे धरायला लावणारा माणूस हे एका दमात बोलून गेला. अक्षताने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला आता पाहवेना.

गार्डने घड्याळ पाहिलं, मग त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, आणि कडी काढून गेट हातभर ढकललं. अक्षता अंग चोरून आत शिरली.

पायऱ्या चढताना तिने मागे वळून पाहिलं. गेट पुन्हा लागलं होतं, गार्ड खुर्चीत जाऊन बसला होता, आणि बाबा अजून तसेच हात जोडून उभे होते.