पाणसळीचं तोंड

आमचे हे चाळीस वर्षं गवंडी होते. काम थांबवलं, राहता-फिरता येईल अशी घरगाडी घेतली आणि शपथच घेतली, "आता पाणसळीचं तोंड बघणार नाही." मी ती सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी गुपचूप पिशवीत टाकली.

टेकडीच्या पायथ्याशी घरगाड्यांच्या तळावर गाडी लावली आणि सलग तीन दिवस दूध नासलं. गॅसवर चालणारा फ्रीज आतून कोमट. यांनी बर्नर घासला, दाराचं रबर पुसलं, फ्रीज बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्या सकाळी मी तव्यावर अंडं फोडलं, तर ते एका कडेला पळालं.

"अहो, गाडी कललीये."

"मला शिकवतेस? या डोळ्यांना एका सुताचा फरक कळतो!"

माझंही डोकं फिरलं. पाणसळ काढली आणि फ्रीजमध्येच आडवी ठेवली. बुडबुडा टोकाला जाऊन बसला. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यांनी फ्रीजची माहितीपुस्तिका उघडली. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं: गाडी समतल नसेल, तर फ्रीज थंड होणार नाही.

मग दिवसभर हे शीळ घालत चाकांखाली फळ्या सारत होते. काम सुटल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजमध्ये बर्फ झाला होता. मी पाणसळ पिशवीत ठेवायला निघाले.

"राहू दे बाहेर," हे खिडकीतून बघत म्हणाले. "शेजाऱ्यांची गाडीही मला जरा कललेली दिसतेय."