तुईनच्या दोराचा झोळ

मी एक जुना पोलादी दोर आहे. सहा पेडांचा, दर पेडात एकोणीस तारा. त्रिशूली नदीच्या काठावर चेपाङ जमातीची एक वस्ती आहे. तिथे मी अठरा वर्षे तुईन होतो. म्हणजे, मित्रांनो, मी दोन काठांमध्ये टांगलेला, माझ्यावर कप्पी, कप्पीला पाळणा, आणि पाळण्यात बसलेला माणूस दुसरी दोरी ओढत पलीकडे जाणार. टांगले त्या दिवशी मला अबीर आणि झेंडूच्या माळा मिळाल्या. पुढे तेलही मिळेनासे झाले. याची केवळ नोंद करतो.

काठापासून काठापर्यंत अंतर साठ मीटर. मध्यावर एक क्विंटल भार आला की मी तीन मीटर खाली झुकत असे. हा झोळ टांगणाऱ्यांनी मुद्दाम ठेवला होता. त्यामुळे पाळणा मध्यापर्यंत आपसूक घरंगळे. पुढचा चढ ओढताना मात्र हात भरून येत.

"हा दोर आहे की गाभण म्हशीचं पोट?" कतारहून परतलेला जितमान एकदा म्हणाला. "ताणून ताठ करतो, दिदी. तुझ्या पोरी चुटकीसरशी पलीकडे."

दिदी म्हणजे सुकमाया. तिच्या दोन मुली रोज माझ्यावरून शाळेत जात.

"ताण की, भाइ. पण आधी पोरींच्या वजनाचे दगड जातील."

"दगडांना शाळेत घालतेस?"

"तुझ्या शेजारी बसतील. तुझाही अभ्यास राहिलाय."

सगळे हसले. जितमानने साखळीच्या कप्पीने मला ओढले. आता तोच भार आला तर मी जेमतेम साठ सेंटिमीटर झुकणार होतो.

इथे थोडे गणित. मध्यावर लोंबणारा भार दोराला सरळ खाली ओढतो. तो पेलण्यास दोराच्या तिरक्या ताणाचा वर जाणारा अंशच उपयोगी पडतो. दोर जितका सपाट, तितका तो अंश लहान. म्हणून एकूण ताण कितीतरी पटींनी वाढवावा लागतो. एक क्विंटल भाराने तीन मीटर झोळात माझ्यावर पाच क्विंटल ताण येई. साठ सेंटिमीटरमध्ये तो पंचवीस क्विंटल झाला. माझे बळ वाढले नव्हते; आतल्या गंजाने ते घटलेच होते.

दगडांचा पाळणा निघाला. पलीकडची माणसे दोरी ओढत होती. मध्यावर माझा एक पेड तुटला, लगेच दुसरा, आणि क्षणात सगळे. पाळणा त्रिशूलीत दिसेनासा झाला.

जितमान मटकन खाली बसला. "दिदी, त्यात पोरी..."

"नव्हत्या," सुकमाया म्हणाली. "ऊठ. नव्या दोराचा झोळ मी मोजणार. तोवर पोरींना लांबच्या पुलावरून न्यायचं. दोन तासांची वाट आहे. तूच नेणार."

"नेतो, दिदी."

एकोणीस दिवस त्याने त्यांना नेले-आणले.

नवा दोर तीन मीटर झोळ ठेवून लागला. माझा एक तुकडा आता काठावरच्या पायऱ्यांचा कठडा आहे. मुली मला धरून उतरतात. मी कृतज्ञ आहे. माझे तुटणे मला थांबवता आले नसते. त्या वेळी माझ्यावर कोणी असू नये, हे एका आईने ठरवले.

मित्रांनो, दोर ताठ दिसला म्हणून त्याला बळकट समजू नका. त्याला झोळ द्या, तेल द्या, आणि माणसाआधी दगड पाठवा. नदीकाठी दगडांना तोटा नाही.