कॉम्प्युटरला ठाऊक असलेली चूक

झरीच्या शाळेपुढे सकाळपासून बायाबापड्यांची रीघ लागली होती. ओसरीत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या काचेला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. साल १९९१, असलं यंत्र गावात कुणी पाहिलं नव्हतं. भगवानराव नावाचा सफारीतला गृहस्थ घोळवून घोळवून सांगत होता, "अमेरिकेची विद्या आणि ऋषींची सिद्धी. चारशे दवाखाने ह्या एका पेटीत. नाव आणि घर नंबर तेवढा सांगा, बाकी यंत्राला ठाऊक आहे."

आणि यंत्राला खरंच ठाऊक असे. चंद्रभानचा क्षय त्याने ओळखला, वर "फुफ्फुस शुद्ध झालं" असा कौलही दिला. चंद्रभानने सरकारी गोळ्या सोडून भगवानरावाची पुडी धरली. ते कानावर आलं म्हणून उपकेंद्राच्या नर्स कुसुमबाई आज इथे येऊन उभ्या होत्या.

कस्तुराबाईचा नंबर आला. सोबत सासू, सुलाबाई. काचेवर अक्षरं उमटली आणि भगवानरावाने ती मोठ्याने वाचली, "मूल बंद करायचं ऑपरेशन, गेल्या माघात."

"मला तिसरा महिना चालू हाय," कस्तुराबाई पुटपुटली.

"यंत्र खोटं बोलत नसतं, ताई. घरच्यांनी चौकशी करावी."

सुलाबाईने सुनेचा हात सोडला. "माहेरी गेलतीस तवा करून आलीस का? मग ह्ये पोट कशाचं?"

कुसुमबाईंनी ती चूक ओळखली. माघात ऑपरेशन झालं होतं ते दगडाबाईचं, कस्तुराबाईच्या शेजारणीचं. उपकेंद्राच्या रजिस्टरात एक ओळ चुकून ते कस्तुराबाईच्या नावापुढे त्यांनीच लिहिलं होतं. चार दिवसांमागे ध्यानात आलं, दुरुस्ती राहून गेली. ही चूक त्या एका वहीशिवाय कुठेच नव्हती. आणि ती वही पंधरा दिवसांपूर्वी 'जिल्ह्याचा सर्वे' म्हणत आलेल्या माणसाला त्यांनी त्याचे सरकारी कागद न बघता दोन दिवस दिली होती.

बोलावं तर नोकरीवर बेतणार. गप्प राहावं तर ह्या पोरीचा संसार मोडणार.

"सुलाबाई, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

सरपंच माणिकराव गुरगुरले, "म्हंजे तुमी मशीनीपेक्षा लय शाण्या का?"

"मग मशीनला माझा आजार विचारा. मी बाहेरगावची, माझं नाव त्या वहीत नाही."

काच कोरीच राहिली. भगवानराव रुमालाने मान पुसू लागला. कुसुमबाई कॉम्प्युटरच्या वायरीमागे निघाल्या. वायर खिडकीतून वर्गात गेली होती. आत तोच सर्वेवाला बसलेला. पुढ्यात टाइप करायच्या कळा आणि मांडीवर रजिस्टरची हाताने उतरवलेली नक्कल. माणिकरावांनी ती बाहेर आणून वाचली. घर नंबर, नाव, आजार. दगडाबाईचं ऑपरेशन कस्तुराबाईच्या नावापुढेच होतं.

सुलाबाईने सुनेचा हात पुन्हा धरला. तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला.

"मग त्या पेटीत काहीच नसतं का, बाई?" चंद्रभानने विचारलं.

"माणूस भरेल तेवढं असतं. उद्या गावोगावच्या दवाखान्यांच्या वह्या खरंच अशा पेटीत जातील, झरीचा रोगी परभणीच्या डॉक्टरला बसल्या जागी कळेल. चांगलंच होईल ते. पण तिच्या पाया पडू नका. हे तुला कुणी सांगितलं, एवढं तिला दर वेळी विचारा. मला पण विचारा."

मग त्यांनी चंद्रभानच्या तळहातावर सरकारी गोळ्या ठेवल्या, आणि तो गिळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.