दोघींचा नवस

कोंबडा काखोटीला मारून धोंडाबाई खिंडीची चढण पुढं चालली होती आणि तिच्यामागं ठकुबाईचे पाय उचलत नव्हते. ठकुबाईचा पोरगा भिमा लढाईवरून धडधाकट घरी आला होता. धोंडाबाईचा ज्ञानू तिकडं ब्रह्मदेशातच कामी आला. तरी नवस फेडायला निघाली होती ती धोंडाबाईच. राहू दे म्हणून ठकुबाईनं परोपरीनं सांगितलं, पण ती ऐकेल तर शपथ. अर्धा तरी पावला ना, देवाला रिकामं ठेवू नये, असं तिचं म्हणणं.

पोरं बरोबरच पलटणीत गेली, तेव्हा हिर्डोशीच्या या दोन शेजारणींनी खिंडीतल्या म्हसोबाला मिळून एकच नवस बोलला होता. दोघंही परत आले तर दोघींचा एक कोंबडा. मिळून बोललेला नवस मिळूनच फेडायचा, त्यात आपपरभाव नाही, अशी तिकडची रीत. लढाई सरता सरेना. रॉकेल मिळेना, लुगडं मिळेना; पण दोघींनी एकमेकींना खचू दिलं नाही. दिवस मावळला की धोंडाबाई कुडापलीकडून म्हणायची, "आज बी वंगाळ काय कानावर आलं न्हाई. म्हंजी पोरं जेवली आसतील बग." तेवढ्यावर ठकुबाईच्या घशाखाली घास उतरायचा.

मग घाटाकडच्या एका गावात दोन भाऊ कामी आल्याची खबर आली आणि ठकुबाईच्या काळजाचं पाणी झालं. कुणाला न सांगता ती एकटीच खिंडीत गेली. रखमाजी गुरवाच्या देखत देवाला म्हणाली, दोघं जमत नसतील तर माझा एकटा तरी आण, तुला निराळा कोंबडा देईन. घरी येताना तिला स्वतःचीच किळस आली.

पुढं भातं कापणीला आली असताना ज्ञानू गेल्याचं कळलं. धोंडाबाईला तिनं पोटाशी धरलं खरं, पण मनात पहिलं आलं ते हेच की, भिमा नव्हे. मी त्याच वेळी मेले का नाही, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. आणि आज गुरवानं तोंड उघडलं तर? निराळा नवस मागाहून गुपचूप फेडू, असं ती मनाशी घोकत होती.

देवापुढं पोचल्यावर गुरव बोललाच. त्याच्या पोटात पाप नव्हतं. देवाचं देणं राहू नये, इतकंच. "ह्यो दोगींचा झाला, ठकुबाय. तुजा एकटीचा कुटं हाय?"

एकटीचा कसला, म्हणून धोंडाबाईनं विचारलं आणि त्या भल्या माणसानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ठकुबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  धोंडाबाईनं कोंबडा गुरवाच्या हातात दिला.

"ह्यो तिचा एकटीचा म्हणून घ्या. दोगींचा पुरा कुटं झालाय?"

आणि ठकुबाईकडं वळून हळूच म्हणाली, "मला का गं न्हाई सुचलं आसं?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

उतरताना घसरणीच्या जागी धोंडाबाई थांबली आणि मागं न बघता तिनं हात मागं केला. तो धरायला ठकुबाईला तोंड नव्हतं. ती बसून, दगडांना धरत धरत खाली उतरली.