तिसरी झील

आमची दमणी धनजच्या वाटेला लागली होती. बाबा बैलांच्या पाठीकडे एकटक पाहत होते, मेहबूब तुणतुण्याची तार पिळीत होता, आणि मी मनातल्या मनात बाबांची कवने पहिल्या ओळीपासून आठवून पाहत होतो. गेल्या हिवाळ्यापासून हे काम मी न सांगता अंगावर घेतले होते.

पुंजाजी शाहिरांचा मी मुलगा आणि त्यांचा झीलकरी. शाहीर ओळ टाकतो. झीलकरी कानावर हात ठेवून तिचे शेवटचे शब्द उंच सुरात धरून ठेवतो; तीच झील. मला हे आवडे. उभे राहायचे ते पाठीमागे, शब्द दुसऱ्याचे, आपला चेहरा कोणी पाहत नाही. या आडोशातूनच मी पोहरादेवीची यात्रा पाहिली, कारंज्याच्या बाजारात बाबांनी तीन शाहिरांना एकामागून एक गप्प केलेली दुपार पाहिली. आणि गेल्या हिवाळ्यात मानोराही पाहिला. तिथे ऐन सवालात बाबांचा डफ थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हते. मी झील लांबवली, छातीत कळ येईपर्यंत लांबवली, तेव्हा कुठे त्यांना शब्द सापडला. लोकांनी माझ्या दमाला दाद दिली. खरे काय घडले ते मेहबूबला तेवढे कळले होते.

आज धुळवड. धनजच्या पारावर समोर उभे होते जानराव शाहीर, माझ्या बहिणीचे, सोजरचे, सासरे. रीत जुनी होती: सवाल पडल्यावर जबाब देणाऱ्याच्या झीलकऱ्याची झील तीनदा फिरेपर्यंत जबाब यायला हवा. नाही आला, तर हरणाऱ्याचा डफ जिंकणाऱ्याच्या घरात खुंटीला लागतो आणि कायमचा तिथेच राहतो. म्हणजे बाबांची हार सोजरला जन्मभर भिंतीवर पाहावी लागणार होती, आणि तिची सासू रंगूबाई ती विसरू देणाऱ्यांतली नव्हती.

"काय इवायबुवा," रंगूबाई बायकांतून ओरडल्या, "आमच्या घरची खुंटी रिकामीच हाये बरं!"

"तिले तुमचं लुगडं टांगा, इवाईनबाई," बाबा म्हणाले, "डफाचा नांद सोडा!"

पार हसला. मीही हसलो. बाबा आज जाग्यावर आहेत, असे वाटले.

दोन सवाल सुखरूप गेले. तिसऱ्या वेळी जानरावांनी डफावर थाप मारली आणि, मला वाटते, व्याह्याची भीड धरून, मुद्दाम सोपा सवाल टाकला:

"बिनमातीचं झाड उभं, फुलं त्याले दोन,
एक मिटे तं एक उमले, सांग शाहिरा कोन?"

"हा तं लेकराचा सवाल झाला, जानराव!" मागून कोणी कुरकुरले. "इवाई म्हून सोडून राह्यले का?"

झाड म्हणजे देह. फुले म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. कारंज्याला हाच सवाल आला होता, तेव्हा बाबांनीच त्याचा जबाब बांधला होता. मी निश्चिंतपणे पहिली झील उचलली.

बाबांनी वळून पाहिले. तेच डोळे.

दुसरी झील मी ताणली. जानरावांच्या कपाळाला आठी पडली. आपण केलेले सौजन्य कुठे जाऊन पडले, हे त्यांना कळू लागले होते. सवाल अवघड असता तर हरण्यालाही अब्रू असती. या सवालाला हरणे म्हणजे काय, ते साऱ्या पाराला दिसणार होते. मेहबूब तार छेडता छेडता पुटपुटला, "जगदेव, दे ना आवाज. तुले येते ना बे!"

येत होते. पण झीलकऱ्याला जबाब देता येत नाही. शाहिराने भरसभेत आपल्या हाताने त्याला डफ दिला तरच येतो. आणि असा डफ देणाऱ्या शाहिराने पुन्हा कधी कोणताच डफ हाती धरायचा नसतो.

तिसरी झील सुरू झाली. सोजर पदर दातांत धरून माझ्याकडे पाहत होती. माझा श्वास संपत आला होता. आयुष्यात कधी चार माणसांपुढे न आलेला मी दोन पावले पुढे गेलो आणि गाता गाता बाबांपुढे दोन्ही हात पसरले.

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी डफ माझ्या हातांवर ठेवला.

मी जबाब गायला. सूर कापत होता, शब्द बरोबर होते. जानरावांनी आपला डफ उलटा ठेवून सामना बरोबरीत मानला. त्या वेळी बाबा कुठे उभे होते, ते मी पाहिले नाही.

दमणी जुंपताना सोजर धावत आली. मला वाटले, ती आनंदाने रडते आहे.

"तुले कोनं सांगतलं होतं मले वाचवाले?" ती म्हणाली. "बुढीचं बोलनं मी आताबी आयकूनच राह्यली ना? अजून एक आयकलं असतं. डफ घरात असता तं रोज पुसला असता मी. बाबा नवा मढवून गायले असते, भाऊ. आता काय करतीन ते?"

जबाबासाठी तिच्याकडे एक झील फिरेपर्यंतही सवड नव्हती. घरातून रंगूबाईंची हाक आली आणि ती गेली.

गाव मागे पडल्यावर, रस्त्यावर कोणी नाही असे पाहून, मी डफ हळूच बाबांकडे सरकवला. मेहबूबने तोंड दुसरीकडे वळवले.

बाबांनी हात उपरण्याखाली घेतले.

"धर तुह्याजवळच," ते म्हणाले. "समोर रस्ता खराब हाये."